माझ्या वागण्याचा पंचनामा

"हिचं वागणं कसं आहे?" तलाठ्याने चौघा माणसांना विचारलं. मी तिथंच उभी होते, माझ्याच दारात. मला कुणी विचारलं नाही.

नवरा जाऊन वर्ष उलटलं होतं. पदरात सहावीतली पोर. निराधार योजनेच्या पगारासाठी मंठ्याला तहसीलमध्ये अर्ज टाकला होता. बाईने दुसरं लग्न केलेलं नाही, हे गावाने पंचनाम्यावर सही करून सांगायचं असतं. गाव म्हणजे कोण, तर पारावर बसणारे हे चौघे. आमच्या बौद्धवाड्यातलं त्यात एकही माणूस नव्हतं. त्यातले मोठे बापू. मी त्यांच्याच रानात कापूस वेचायची. बापू आमच्या घरचं पाणी पीत नाहीत. पण माझ्या घरात कोण येतं-जातं, ते मात्र त्यांना विचारायचं.

बापू हसले. "लगीन न्हाई केलं, ते बराबर. पण लगनाबिगर काय चाललंय, ते आपल्याला काय म्हाईत?"

बाकीचे खाली बघून हसले. बापूंनी चौकटीला हात लावून आत डोकावलं. पोर भिंतीला चिकटून उभी होती.

"दोघीच राह्यता का? मंग मलाच खात्री करावी लागंल. येऊन जाईन एकदा. सहीची काय जल्दी हाय?"

चोराच्या हाती किल्ल्या म्हणतात, ते हेच. शेजारच्या बायांनी आत जाऊन दारं लोटून घेतली. त्या आवाजाची मला बापूंपेक्षा जास्त भीती वाटली.

तलाठी म्हणाला, "बाई, सही करा इथं."

"साहेब, बापू आता जे बोलले ते पण लिहा. शब्दाला शब्द. मंग करते."

त्याचं पेन थांबलं. "असलं लिहीत नसतात."

"मंग माझं वागणं कसं लिहिता?"

त्याने बिनसहीचा कागद पिशवीत टाकला. गाडीला किक मारताना बापू एवढंच म्हणाले, "पगार सरकारचा असंल. गाव आपलं हाय."

दुसऱ्या दिवसापासून मला वेचणीला कुणी बोलावत नाही. बापूंची गाडी आमच्या गल्लीतून सावकाश जाते. दारापुढे थांबते. मग पुढे जाते. आई म्हणते, माहेरी निघून ये. गेले तर बापू म्हणतील, बघा, पळाली.

भीती वाटते. खोटं कशाला बोलू? पण मी नवा अर्ज दिला आहे. त्यात बापूंचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं आहे, खाली माझी सही. सोमवारी तहसीलमध्ये मोठ्या साहेबांपुढे तेच तोंडाने सांगायचं आहे. पोरीची शाळा बुडवून तिला सोबत नेणार आहे. असलं बोलणं चारचौघांत मोठ्याने कसं सांगायचं, ते तिने ऐकलंच पाहिजे. उद्या तिच्यावरही ती वेळ येणार आहे.