लंबूची जागा

कवळ्या बनवणाऱ्याला गिऱ्हाईक कधी दिसत नाही. दवाखान्यातून प्लास्टरचा साचा येतो, त्यावर मेण चढतं, मेणात एकेक दात बसतो, मेणाच्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक येतं आणि घासूनपुसून डबीत भरलं की कवळी निघाली कुणाच्या तरी तोंडात. आमचा कवळीवाला हे काम चोवीस वर्षं करत होता आणि माणसं दिसत नाहीत याचं त्याला सुखच होतं. घरात एक थोरली बहीण तेवढी होती. तिच्याशीही तो बहुतेक वेळा भिंतीकडे बघून बोलायचा.

या ताईनंच त्याला वाढवलं होतं. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा, ती बावीसची. तयार कपड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं शर्टांना काजं करून तिनं त्याला शिकवलं, त्याच्यापायी स्वतःचं लग्न पुढं ढकललं आणि शेवटी ते राहूनच गेलं. त्याबद्दल तिनं कधी अवाक्षर काढलं नाही. त्यानंही काढलं नाही, कारण त्याला ते कधी सुचलंच नव्हतं.

त्याचा जीव होता कंप्युटरवरच्या एका खेळात. खेळ बास्केटबॉलचा, पण घाम गाळायला नको. आपण फक्त संघ सांभाळायचा, सामने कंप्युटर खेळवतो. खरा कस लागतो पोरं घडवण्यात. दर आठवड्याला एकच कौशल्य निवडायचं आणि ज्याला ते शिकवायचं त्याला त्या कौशल्याच्या जागेवर पूर्ण अठ्ठेचाळीस मिनिटं खेळवायचं, तरच शुक्रवारी सकाळी त्याच्या नावापुढचा आकडा वाढतो. म्हणून या खेळातले मुरलेले लोक एक उलटी विद्या करतात. ज्या उंच पोराची जागा बास्केटखाली, त्याला बुटक्यांच्या जागी, चेंडू खेळवत नेणाऱ्याच्या जागी उभा करतात. तो तिथं धडपडतो, संघ सपाटून मार खातो, लोक हसतात. पण तीन-चार हंगाम कळ काढली की सगळं येणारा उंच गडी हाती लागतो.

कवळीवाल्याचा असा गडी म्हणजे लंबू. सात फुटी, अठराव्या वर्षी हाती लागलेला, आता एकवीसचा. खेळातलं एक वर्ष म्हणजे आपले तीन-साडेतीन महिने. खेळात देशाचा एक युवा संघ असतो आणि त्यात एकविसापर्यंतचेच घेतात, म्हणजे लंबूला हीच शेवटची संधी होती. निवड झाली असती तर लंबूच्या नावाखाली कवळीवाल्याचं नाव कायमचं लागलं असतं: घडवणारा, अमुक अमुक. चोवीस वर्षांत हजारो तोंडं त्यानं भरली, एकाही कवळीवर त्याचं नाव नव्हतं. युवा संघाचा निवडणारा हा खेळणाऱ्यांनीच मतं देऊन बसवलेला एक गृहस्थ होता. कवळीवाल्यानं त्याला अकरा पत्रं लिहिली होती आणि उत्तर एकाचंही आलं नव्हतं.

निवडीला तीन आठवडे उरले आणि त्याच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरनं डोळ्यात हवा भरली आणि बजावलं, तीन आठवडे मान खाली, पालथं पडून राहायचं, कंप्युटरच्या पडद्याकडे दोन्हीपैकी एकाही डोळ्यानं बघायचं नाही; नाहीतर हा डोळा गेलाच समजा. बारीक कामावर पोट असलेला माणूस, त्याला ऐकणं भाग होतं. ताईनं एका जुन्या गादीला तोंडापुरतं भोक पाडून कडा नीट शिवून दिल्या. तो त्या भोकात तोंड घालून पडला आणि जमिनीकडे बघत तिला खेळ शिकवू लागला.

"रोज एकदा उघडायचं. हे बटण दाबायचं. पोरांच्या जागांना हात लावायचा नाही."

"हरले तरी?"

"हरू देत. तू काही करायचं नाहीस, एवढंच तुझं काम."

पहिला सामना ताईनं नुसता पाहिला. लंबू भलत्याच जागी धडपडत होता, संघ एकेचाळीस गुणांनी हरला. मग तिनं खेळणाऱ्यांच्या गप्पांचा कट्टा उघडला. कुणीतरी लिहिलं होतं, 'कवळीवाल्याचा संघ म्हणजे बोळकं.' खाली तीस जण हसले होते. ताईचं डोकं फिरलं. आपल्या भावाला, आजारी माणसाला, लोक असं बोलतात. तिला कारखाना आठवला. कॉलर शिवणारी बाई मुकादमानं काजांवर बसवली की कॉलरही जायची, काजंही जायची आणि ती बाई संडासात जाऊन रडायची. ज्याची जागा त्याला द्यावी, एवढी अक्कल तिला होती. तिनं लंबूला बास्केटखाली नेऊन ठेवलं.

पुढचे सहाच्या सहा सामने संघ जिंकला. ती वहीत गुण लिहून ठेवायची, लंबूनं किती मिळवले ते खाली रेघ मारून. भावानं गादीतून विचारलं की म्हणायची, "ठीक चाललंय. तू मान उचलू नकोस." डोळा उघडेल त्या दिवशी त्याला दाखवायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. आयुष्यात तिच्या हातून त्याला आनंद झाल्याचं तिला आठवत नव्हतं.

शनिवारी डॉक्टरनं परवानगी दिली. घरी आल्याबरोबर तो कंप्युटरपुढं बसला. ताई वही घेऊन मागं उभी राहिली.

"सहा जिंकलो," ती म्हणाली.

त्यानं लंबूचे आकडे पाहिले. चेंडू खेळवण्याचा आकडा तीन आठवड्यांपूर्वी होता जवळजवळ तिथंच होता.

"जागा कुणी बदलली?"

"मी. अरे, तिकडं त्याचे हाल होत होते."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, "तुला जन्मात एक काम सांगितलं. काही न करण्याचं. तेही जमलं नाही. एकतीस वर्षं भोकं पाडलीस ना, दुसरं येणार काय तुला?"

ताईनं वही मिटली.

"इकडे ये. बघ," तो म्हणाला. "हा आता काही कामाचा नाही. कुणामुळं, ते बघून ठेव." त्यानं लंबूच्या नावापुढचं 'संघातून काढा' दाबलं. कंप्युटरनं विचारलं, नक्की? काढलेला खेळाडू परत मिळत नाही.

"नको रे," ताई म्हणाली. "राहू दे त्याला. नुसता बसून राहील. माझी शपथ आहे तुला."

तिच्या शपथेनंच त्याला जोर आला. त्यानं तिच्याकडे बघत 'हो' दाबलं. चौदा नावांची तेरा झाली.

सोमवारी निवडणाऱ्याचं पत्र आलं. 'तुमच्या लंबूकडे मी आजवर काणाडोळा केला. चेंडू खेळवणारे माझ्याकडे ढीगभर आहेत. बास्केटखाली भरवशाचा माणूस नव्हता. गेल्या सहा सामन्यांत तुम्ही त्याला हक्काच्या जागी उतरवलंत आणि माझा शोध संपला. बुधवारी तो माझ्या पहिल्या पाचांत आहे. आता मात्र त्याला हलवू नका.'

त्यानं ते तीनदा वाचलं. खेळ चालवणाऱ्यांना घाईघाईनं विनवणी केली. तासाभरात उत्तर आलं, नियम सगळ्यांना सारखा, काढलेला खेळाडू परत येत नाही. मग निवडणाऱ्याचं दुसरं पत्र, खेळाडू दिसत का नाही? कवळीवाल्यानं थोडा विचार केला आणि लिहिलं, 'डोळा अधू होता. घरातल्या बाईमाणसानं चुकून बटण दाबलं.' संध्याकाळपर्यंत ते कट्टाभर झालं. लोकांनी त्याचं सांत्वन केलं आणि त्या बाईवर मनसोक्त विनोद केले. तेही त्यानं वाचले. एक-दोन त्याला बरेही वाटले.

ताई दारात येऊन उभी राहिली. शनिवारपासून ती त्या खोलीत पाऊल टाकत नव्हती.

"त्या निवडवाल्यांचं काही आलं का रे?"

"आलं." त्यानं पत्र बंद केलं.

"काय म्हणतात?"

"तीन आठवडे वाया गेले म्हणाले. ते गेले नसते तर घेतलाच असता."

तिनं चौकट धरली. तो कवळी हातात घेऊन घासायला लागला.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "मला माफ कर."

त्यानं कवळीवरची भुकटी फुंकली आणि मान वर न करता म्हणाला, "जा. केलं माफ."

ताईचे डोळे भरून आले. एवढं मोठं मन त्यानं आजवर कधी दाखवलं नव्हतं, असं तिनं दुसऱ्या दिवशी शेजारणीला कौतुकानं सांगितलं.