चंचलचे उपास

चंचल माझी धाकटी जाऊ. मंचरला आमचं कापडाचं दुकान, आणि घरात पोळ्या तिच्याकडं. शहाण्णव साली तिच्या बोटांचे सांधे सुजले, सकाळी लाटणंसुद्धा धरवेना.

मंचर, नारायणगाव, जुन्नर, सगळीकडं मी आणि तिचा नवरा तिच्यासोबत गेलो. प्रत्येक डॉक्टर केसपेपरावरचं आडनाव वाचायचा आणि म्हणायचा, "तुम्ही जैन लोक उपास फार करता. अशक्तपणा आहे." की झाली तपासणी. चंचल काही सांगू लागली तर डॉक्टर माझ्या दिरांकडं बघत. जुन्नरचा तर म्हणाला, "शेठ, बायकोला जरा खाऊ घाला राव."

दुखण्याच्या गोळ्या जेवूनच घ्या, असं बजावणारेही हेच. त्यापायी तिनं तीन वर्षं एकही उपास केला नव्हता. पर्युषणात घरोघरी बायका तप करायच्या आणि ही स्वयंपाकघरात मान खाली घालून जेवायची. हे कुणी विचारलं तर ना.

परवा नव्या डॉक्टरीणबाईंनी तिलाच विचारलं, "शेवटचा उपास कधी केलात?"

"शहाण्णव साली."

"मग ही सूज उपासाची कशी?" असं म्हणून त्यांनी एकेक सांधा दाबून पाहिला, रक्त तपासायला पाठवलं. आज कळलं, संधिवात आहे.

भगवंताची कृपा खरी, पण एवढा एक प्रश्न विचारायला तीन वर्षं लागावीत? दोन बोटं वाकडी झाली ती झालीच. बाकीची वाचवू, म्हणाल्या बाई.

येताना चंचल एवढंच म्हणाली, "भाभी, त्या माझ्याशी बोलल्या."