कवळ्यांच्या टेबलावरचं विमान

आमच्या लॅबमध्ये कवळ्यांचं टेबल खिडकीशी होतं आणि तिथे बसणाऱ्या बाईंना सगळे पाठीमागे बत्तिशीताई म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा फोन उचलून त्याच म्हणाल्या, "हो, बत्तिशीताईच बोलतेय. बोला."

दातांचे डॉक्टर तोंडाची मापं पाठवायचे आणि आम्ही त्यावरून दात तयार करायचो. मी एकेका दाताच्या कॅपा करायचे, ताई अख्ख्या कवळ्या. टेबलं समोरासमोर, त्यामुळे त्यांच्या घरचं सगळं मला बसल्या जागी कळायचं.

ताईंच्या माहेरचं रक्ताचं एकच माणूस उरलं होतं, मोठा भाऊ, म्हणजे दादा. वडील गेले तेव्हा ताई अजून फ्रॉकात होत्या. दादांनी शाळा सोडली, बसच्या डेपोत मेकॅनिक म्हणून चिकटले आणि बहिणीला शिकवलं. माणूस मुळातच अबोल. त्यात निवृत्त झाल्यावर अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. रोज सराव केला तर बोलणं परत येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि ते थोडंथोडं येतही होतं.

एक दिवस दुपारी ताईंच्या वहिनी लॅबमध्ये आल्या. हातात बुटांचा खोका. टेबलावर ठेवून त्यांनी झाकण काढलं. आत प्लास्टिकच्या राखाडी विमानाचे तुकडे होते. पंख वेगळा, शेपूट वेगळं, चाकं सुटलेली.

"वन्सं, हे बघा काय होऊन बसलंय."

ताईंच्या हातातला ब्रश तसाच राहिला. "दादाचं विमान?"

हे विमान दादांनी पोरवयात जोडलं होतं. बोटीवर काम करणाऱ्या मामानं सुट्या भागांचा डबा आणून दिला होता. तेव्हापासून ते कपाटावर होतं आणि त्याला हात लावायची ताईंना सक्त मनाई होती. आता घर रंगवायला काढलं होतं. रंगाऱ्यानं वरचं सामान न उतरवताच कपाट सरकवलं. दादा समोरच खुर्चीत होते. विमान कडेला आलेलं त्यांना दिसत होतं. "थांब" एवढाच शब्द म्हणायचा होता. तो जिभेवर येईपर्यंत विमान खाली पडलं होतं.

"तेव्हापासून तोंडच उघडत नाहीत," वहिनी म्हणाल्या. "सराव बंद. सराव करून घेणाऱ्या बाई येतात, हे भिंतीकडे बघत बसतात. मी बोलून बोलून थकले. तुम्ही प्लास्टिकचंच काम करता, म्हणून आणलं. त्यांना सांगितलेलं नाही."

वहिनी गेल्यावर ताईंनी मला सांगितलं, "दादाला वैमानिक व्हायचं होतं गं. माझ्यापायी राहून गेलं." घरात सगळेच असं मानायचे. दादांच्या प्रत्येक वाढदिवसाला विमानाचं काहीतरी यायचं. विमानाचा कप, विमानाचं कॅलेंडर, विमानाचा टाय. डेपोतला मेकॅनिक टाय कुठे घालणार, हा विचार कुणी केला नव्हता.

ताईंनी जेवणाच्या सुट्टीत काम हातात घेतलं. जुना गोंद पिवळा पडून काचेसारखा कडक झाला होता, नखानं सुटत होता. तो त्यांनी कोरून काढला. विमानाच्या नाकावरच्या पंख्याचं एक पातं हरवलं होतं. शाबूत पात्याचा त्यांनी ठसा घेतला आणि कवळीच्या मसाल्यात नवं पातं ओतलं. ते निघालं हिरडीसारखं गुलाबी. सगळी लॅब हसली. ताईही हसल्या आणि पात्याला राखाडी रंग दिला.

इथवर ठीक होतं. मग त्यांनी पंख जोडायला कवळीचंच द्रावण घेतलं. उग्र वासाचं, रोजच्या वापरातलं. थेंब जरा मोठा पडला. जुनं प्लास्टिक त्या द्रावणानं भिजलेल्या साबणासारखं मऊ झालं. ताईंनी घाईनं पंख सावरला आणि त्यावर त्यांच्या अंगठ्याचा लख्ख ठसा उमटला.

"घासून टाका ना," मी म्हटलं.

"कशी घासू? हे बारीक रिव्हेटचे उंचवटे बघ. ते जातील सगळे." त्यांचा चेहरा उतरला होता. "वाट लावली मी. पडलं तेव्हा निदान तुकडे तरी धड होते."

दोन-चार दिवस खोका टेबलाखाली पडून राहिला. ताई पायानं तो आत ढकलत आणि पुन्हा वाकून बघत. शेवटी सुट्टीच्या दिवशी तो पिशवीत घालून त्या भावाकडे गेल्या. पुढचं त्यांनीच मला सांगितलं.

दादा खिडकीशी बसले होते. ताईंनी खोका उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "दादा, मी जोडायला गेले आणि आणखी बिघडवलं. बघ."

दादांनी डाव्या हातानं पंख उचलला. ठसा बघितला. वास घेतला. चेहरा लाल झाला, ओठ हलू लागले. वहिनी पाण्याचा पेला घेऊन धावल्या. दादांनी पेला बाजूला सारला.

"गा... गाढव!" ते म्हणाले. "एवढं... कुणी... ओततं?"

वहिनी मटकन पलंगावर बसल्या. इतक्या दिवसांतली पहिली वाक्यं आणि तीही शिव्यांची. पण त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

ताईंना मात्र राग आला. "मग सांग ना कसं करायचं! मला काय माहीत?"

"ब्रश. बारीक. आधी... सांधा जुळव. मग... टेकव नुसता. आपोआप... आत जातं."

ताई ब्रश आणि द्रावण घेऊनच गेल्या होत्या. त्यांनी सांधा जुळवून धरला, ब्रश नुसता टेकवला. द्रावण फटीतून आपसूक पळत गेलं. दादा डाव्या हाताच्या बोटांनी पंख पेलून धरत होते. पंख एकदा तिरका झाला तेव्हा ते ओरडले, "वर! वर!" आणि ताईही ओरडल्या, "वरच आहे, तूच वाकडा बसलायस!" शेजारीण दार ठोठावून विचारून गेली, भांडण आहे का म्हणून.

पुढच्या काही सुट्ट्या अशाच गेल्या. गुलाबी पात्याची गोष्ट ऐकून दादा हसले. "विमानाला... दात," म्हणाले. सराव करून घेणाऱ्या बाईंना त्यांनी आपणहून विमान दाखवलं आणि भागांची नावं सांगून दाखवली, अडखळत, पण एकही न चुकता.

शेपूट बसवताना ताईंनी इतकी वर्षं मनात ठेवलेलं बोलून टाकलं. "दादा, माझ्यामुळे तुझं विमान चालवायचं राहिलं."

दादा त्यांच्याकडे बघतच राहिले. "कुणाचं?"

"तुझं. तुला वैमानिक व्हायचं होतं ना?"

"छे!" दादा म्हणाले. "मला... उंचीची भीती वाटते. शिडीवर... चढत नाही मी. मला... जोडायला आवडायचं. बस."

"मग इतके कप, टाय, कॅलेंडरं... आधी सांगायला काय झालं होतं?"

"कुणी... विचारलं?"

सोमवारी हे सांगताना ताई कवळी घासत होत्या आणि धुसफुसत होत्या. "अख्खा जन्म मी मनाला लावून घेतलं गं. कधी त्याच्यापुढे मान वर करून भांडले नाही. आणि हा शिडीला भितो!" एवढं म्हणून त्या जोरात हसल्या आणि यंत्र बंद करून त्यांना डोळे पुसावे लागले.

विमान आता टीव्हीच्या कपाटात, काचेआड आहे. डावा पंख किंचित खाली झुकलेला आणि त्यावर ताईंचा अंगठा. दादांचा उजवा हात परत आला नाही. बोलणं मात्र बरंचसं आलं, निदान न्हाव्याशी हुज्जत घालण्यापुरतं. बहीणभाऊ आता फोनवर एकमेकांशी चिक्कार भांडतात.