कोरा फॉर्म

ज्या पावसाळ्यात राजधानीतल्या द्वारका उपनगरापलीकडच्या गावांत नाल्याचं पाणी शिरलं आणि गोठ्यांत बांधलेली जनावरं बुडाली, त्या वर्षी मी पशुपालन खात्यात होतो. सरकारी मदतीचे पंचनामे माझ्याकडे होते. आमच्या सोसायटीत दूध घालणाऱ्या एका म्हैसवाल्याच्या तीनपैकी दोन म्हशी गेल्या होत्या.

मी पोचलो तेव्हा त्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका त्याच्या आईला धरून रडत होत्या, पुरुष हुक्क्याभोवती गप्प बसले होते, शेजारून सगळ्यांसाठी रोट्या येत होत्या. म्हशींसाठी! आदल्या वर्षी माझे वडील आमच्या फ्लॅटमध्ये गेले तेव्हा खांदा द्यायला चौथा माणूस मिळेना. शेवटी सोसायटीच्या गार्डला बोलावलं. ते भरलेलं अंगण बघून मी जळालो. आजही त्याला दुसरा शब्द सापडत नाही.

“कानातले बिल्ले?” मी विचारलं. मेलेल्या जनावराचा नंबरी बिल्ला दाखवावा लागे. लोक बिल्ल्यासकट कान कापून ठेवत आणि मग जनावर पुरत.

“माँ ने कान ना काटने दिया, बाबूजी. ऐसे ही गाड़ दी.”

“पहले तेरा काटूँ, फिर पूछियो!” म्हातारी माझ्यावर कडाडली. रडणाऱ्या बायकासुद्धा हसल्या. मी नाही हसलो.

बिल्ला नसेल तर पाच शेजाऱ्यांच्या सह्या चालत. म्हशी पुरताना अख्खी गल्ली हजर होती आणि आता माझ्यासमोरच बसली होती. सह्यांचा कोरा फॉर्म माझ्या बॅगेत होता. मी तो बाहेर काढला नाही. ‘बिल्ला उपलब्ध नाही’ एवढंच लिहिलं. अर्ज नामंजूर झाला.

महिन्याभराने त्याची उरलेली म्हैस व्याली. तो सकाळी स्टीलचा डबा घेऊन दारात आला. “मैडम कह रही थीं, आप लोग इसका कुछ मीठा बनाते हो.” डब्यात पहिल्या दिवसाचा चीक होता.

मी अर्जाचा विषय काढला, नियमाकडे बोट दाखवलं.

“छोड़ो बाबूजी,” तो म्हणाला, “आपका क्या कसूर?”

सह्यांचा फॉर्म जोडून अपील करायला अजून आठ दिवस होते. हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं.

बायकोने वेलदोडा घालून खरवस केला. मी दोन वड्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “अहो, डबा रिकामा नका देऊ हं, साखर घातलीय.” मी डबा घेऊन त्याच्या गावी गेलो. फॉर्म बॅगेत होताच. अंगणात त्याचे शेजारी गप्पा मारत बसले होते. एकाने सरकून खाटेवर मला जागा करून दिली. मी चहा प्यालो, डबा दिला आणि बॅग न उघडता उठलो.