डोळे काढणारी आत्या

“काढा ना जावयबापू, काढा तिचे डोळे! बारा वर्षं झाली लग्नाला, अजून डोळे काढता येत नायत?”

आत्या अशी ओरडली की रस्त्याने चाललेला एक सायकलवाला मारामारी सोडवायला थेट कारखान्यात शिरला. आत पाहतो तर आम्ही नवराबायको समोरासमोर पाटावर, हातात पाटी-पेन्सिल, भोवती दोनशे बिनडोळ्यांचे गणपती.

माझ्या बायकोची ही आत्या पेणच्या गणपतींचे डोळे रंगवते आणि उरलेल्या वेळात संसार दुरुस्त करते. पेणपासून रोह्यापर्यंत जेवढी जोडपी आज सुखाने नांदतायत, त्यातली निम्मी तिच्या उपायाने आणि बाकीची तिच्या धाकाने. उपाय एकच. एकमेकांचे डोळे पाटीवर काढायचे. तोवर बोलणं बंद, मोबाइल तिच्या पदराच्या गाठीत. “गाऱ्हाणी मागाहून. आधी बघा तरी कोणाशी भांडताय!” फी म्हणून दोघांनी मिळून एका मूर्तीला पॉलिशपेपर मारायचा. कासू गावच्या एका गृहस्थाने मन लावून डोळे काढले, तर बायको किंचाळली, “हे तर सासूबाईंचे!” आत्याने त्याला फेरपरीक्षेला बसवलं. चौथ्या पाटीला पास झाला. तोवर चार गणपती आरशासारखे गुळगुळीत.

आमचं दुखणं साधं होतं. रोह्याला कंपनीत माझी शिफ्ट; घरी यायचं, जेवायचं, झोपायचं. या खेपेला बायको बॅग भरून माहेरी आली होती आणि परत येणार नव्हती. म्हणाली होती, “भिंतीशी बोलायचं तर हितली भिंत काय वाईट हाय?”

मी पेन्सिल घेतली, बघायला लागलो. डाव्या डोळ्याखाली तीळ.

“हा कधी आला?”

“लग्नाआधी,” ती म्हणाली.

आत्या एवढी हसली की तिच्या हातातल्या कुंचल्याने एका गणपतीला तिसरा डोळा फुटला. “दाव गो, तुझी पाटी दाव!”

बायकोने पाटी फिरवली. तिने माझे डोळे हुबेहूब काढले होते. पापण्यांसकट. मिटलेले.

“एवढेच दिसतात मला,” ती म्हणाली.

आत्याने कुंचला खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा असावा. सायकलवालाही मान खाली घालून निघून गेला. आम्ही दोघांनी एकच गणपती ओढून घेतला आणि घासत बसलो. ती सोंडेकडून, मी पोटाकडून. शिफ्टचं, घरचं, कायबाय बोलत राहिलो. कान घासून झाल्यावर मी हळूच विचारलं, “मग? राहतेस इथंच?”

तिने मूर्तीवरची भुकटी फुंकली.

“रोह्याची गाडी किती वाजता हाय?”