नाल्यापलीकडचा डबा

“साहेब, डबा इथंच आहे,” फारूकभाई म्हणाले.

डबा तिथं नव्हता. मला पक्कं माहीत होतं, कारण तो मीच ठेवला होता. तो नाल्याच्या अलीकडं, बाभळीच्या बुंध्याशी, एका दगडाआड होता. फारूकभाई दोन हातांत दोन नवी मशीनं धरून नाला ओलांडून गेले होते आणि पलीकडच्या शेतात बुटानं ढेकळं उलथून बघत होते.

“तुमचं मशीन फेल!” मी अलीकडून ओरडलो.

“दोन्ही एकदम कशी फेल होतील साहेब? दोन्ही बराबर एकच जागा दाखवून राह्यलीत. कुणीतरी डबा उचलला!”

मला हसू आलं आणि लगेच चीडही आली. हा खेळ त्यांनीच सुचवला होता. परदेशात म्हणे लोक रानात डबा लपवतात, त्या जागेचे आकडे जाहीर करतात, आणि बाकीचे हातात जीपीएस घेऊन तो डबा शोधत फिरतात. सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या खर्चानं. “मशीनची यापेक्षा चांगली परीक्षा न्हाई,” असं फारूकभाई सकाळी म्हणाले होते. मी म्हणालो, चला, घेऊ परीक्षा.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो.

मी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत क्वालिटी विभागाला होतो. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. आमची कंपनी शेतकऱ्यांकडून कांद्याचं बी तयार करून घ्यायची. कांदे पुन्हा जमिनीत लावायचे, त्यातून डोंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, वर येतात, डोंगळ्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा गोंडा धरतो, गोंड्यात काळं बी. ऐकायला सोपं आहे. अडचण मधमाशीची. पांढऱ्या कांद्याच्या प्लॉटजवळ कुणी लाल कांद्याचे डोंगळे लावले, की माशी इकडून तिकडं जाते आणि बियात भेसळ होते. म्हणून दोन प्लॉटमध्ये किमान पाचशे मीटर अंतर हवं, असा आमच्या कंपनीचा नियम. याला आम्ही आयसोलेशन म्हणायचो. अंतर कमी भरलं की प्लॉट रिजेक्ट. मग तो माल कंपनी घेत नाही, आणि गोंड्याची काही भाजी होत नाही.

अंतर मोजायला ऑफिसात एक जुनं जीपीएस होतं. विटेएवढं जड. आकाशातले उपग्रह सापडेपर्यंत माणसाचा एक चहा व्हायचा. सेल तर असे खायचं की आम्ही त्याला ‘जावईबापू’ म्हणायचो. शेवटी आमच्या मॅनेजर साहेबांनी नवीन घ्यायचं ठरवलं आणि निवडायचं काम माझ्या गळ्यात मारलं. फारूकभाई औरंगाबादचे, मोजणीची यंत्रं विकणारे. त्यांच्याकडं दोन मॉडेल होती. एक साधं, काळ्या-पांढऱ्या पडद्याचं. दुसरं रंगीत, आत नकाशा असलेलं.

रंगीत मशीन साहेबांना पहिल्या नजरेत आवडलं. फारूकभाईंनी ते आठ दिवस वापरून बघायला ठेवून दिलं, तर साहेबांनी ते घरी नेलं. ते राहायला जालन्यातच, मस्तगडात. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, “साहेब, मस्तगडातली गल्ली दिसली का त्यात?”

“गल्ली नाही. पण जालना दिसतं.”

जालना म्हणजे एक ठिपका. परतूर तर तेवढंही नव्हतं. पण साहेब तो ठिपका येईल त्याला दाखवत होते. मग एक दिवस ते जीप घेऊन परतूर तालुक्यातल्या आष्टीकडं गेले, आणि तिथून पुढचा सगळा घोळ सुरू झाला.

आष्टीजवळ सुमनताईंचा प्लॉट होता. त्यांचे मालक परतूरला शाळेत शिक्षक, म्हणून शेती त्याच बघायच्या. करार त्यांच्या स्वतःच्या नावावर, पहिल्यांदाच. बाई कामाला वाघीण. गाव म्हणायचं, कांद्याची फुलं विकून कुणाचं पोट भरतं का? त्या ऐकून घ्यायच्या आणि खुरपायला लागायच्या. फेब्रुवारीत त्यांचं रान असं पांढरं झालं होतं की बघत राहावं.

साहेबांना जीपमधून नाल्याच्या पलीकडं डोंगळे दिसले. लाल कांद्याचे. ते शेत दत्तरावांचं, म्हणजे सुमनताईंच्या थोरल्या दिरांचं. घरापुरतं बी धरायला त्यांनी चार वाफे लावले होते. साहेबांनी रंगीत मशीननं तिथले आकडे घेतले. सुमनताईंच्या प्लॉटचे आकडे आमच्याकडं लावणीच्या वेळचे होतेच, जुन्या मशीननं घेतलेले. मग कशाला नाला ओलांडायचा? ऑफिसात येऊन दोन्ही आकड्यांची वजाबाकी केली. अंतर भरलं जेमतेम चारशे.

“बघा,” साहेब मला म्हणाले, “जुन्यानं कधी पकडलं असतं का हे? रंगीतच घ्यायचं. आणि त्या बाईंना सांगा, एक तर पलीकडचे डोंगळे काढा, नाहीतर प्लॉट रिजेक्ट.”

“साहेब, मला ते अंतर जास्त वाटतं.”

“तुम्हाला वाटून काय होतं? मशीन खोटं बोलतं का?”

निरोप मलाच द्यावा लागला. सुमनताईंनी ऐकलं आणि बांधावरच बसल्या. “भाऊजींच्या घरी आमचं येनं-जानं न्हाई साहेब,” त्या म्हणाल्या. वाटणीनंतर विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन्ही घरांचं बोलणं तुटलं होतं. लग्नकार्यालासुद्धा एकमेकांकडं पाठ. त्या दिराच्या दारात जाऊन ‘तुमचं पीक कापा’ म्हणायचं, हे कुणाला जमेल?

मला राहवेना. म्हणून मशीनची परीक्षा घ्यायची ठरल्यावर मी फारूकभाईंना मुद्दाम तिकडंच नेलं. सुमनताईंकडं लपवायला डबा मागितला. त्यांनी घासून ठेवलेला एक स्टीलचा डबा दिला.

“माझं काय ठरलं साहेब?”

“बघतो. तुम्ही भाऊजींशी बोललात का?”

“काल गेल्ते. उंबऱ्यावर हुबं राहून सांगून आले. हूं न्हाई का चूं न्हाई. उठून आत गेले.” बाईंचे डोळे भरले होते, पण आवाज शाबूत होता.

मग मी डबा लपवला, जुन्या मशीनवर तिथले आकडे घेतले, आणि फारूकभाईंना ते दोन्ही नव्या मशीनमध्ये भरायला सांगितले. पुढं काय झालं ते सुरुवातीला सांगितलंच.

मी नाला ओलांडून फारूकभाईंजवळ गेलो तर ते दत्तरावांच्या शेतात उभे. समोर खुद्द दत्तराव, हातात विळा, कपाळाला आठ्या.

“काय शोधून राह्यले तुम्ही माझ्या रानात?”

“डबा,” फारूकभाई म्हणाले.

“कसला डबा?”

“रिकामा.”

दत्तरावांनी आम्हा दोघांकडं असं पाहिलं, जणू बिघाड मशीनमध्ये नसून आमच्यात आहे. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात वाफ्यांकडं लक्ष गेलं. चारही वाफ्यांत नुसते खुंट उभे होते. एकही गोंडा शिल्लक नव्हता. बांधावर बैल निवांत चघळत होते.

“कापले?” मी विचारलं.

“सकाळीच.” ते विळ्याची धार अंगठ्यानं बघत राहिले. “सुमन आल्ती काल. इतक्या वर्सांत पहिल्यांदा आली. मंग काय, वाद घालत बसू का?”

“घरचं बी होतं ना?”

“आईच्या हातचं. ती गेल्यावर दर साली आपनच धरत आलो.” मग म्हणाले, “जाऊ द्या.”

मी तिथंच खाली बसलो. तिन्ही मशीनं शेजारी शेजारी जमिनीवर ठेवली. फारूकभाई म्हणतात त्यात तथ्य होतं. दोन वेगळी मशीनं एकदम, एकाच दिशेला, तेवढीच चुकत नाहीत. थोड्या वेळानं पाहिलं तर दोन नव्यांचे आकडे जुळत होते आणि जुन्याचे वेगळे. आम्ही तर एकाच जागी बसलेलो. मी जुन्याच्या सेटिंगमध्ये शिरलो. तिथं ‘डेटम’ म्हणून एक ओळ असते. नव्यांत एक नाव होतं, जुन्यात दुसरंच.

डेटम म्हणजे काय, ते साध्या भाषेत सांगतो. पृथ्वी काही चेंडूसारखी गरगरीत गोल नाही. नकाशे करणाऱ्यांनी तिचा एक आकार धरलेला असतो आणि कुठून मोजायचं ते ठरवलेलं असतं. आपले जुने सरकारी नकाशे एका हिशेबानं बनले, जीपीएस दुसऱ्या हिशेबानं चालतं. माझ्याआधी ज्यांच्याकडं ते मशीन होतं ते नकाशा पुढ्यात ठेवून काम करायचे. त्यांनी ते नकाशाच्या हिशेबाला लावून ठेवलं होतं, आणि त्यांच्या कामाला ते योग्यच होतं. एक भाऊ बांधाच्या या कडेपासून मोजतो, दुसरा त्या कडेपासून. दोघं खरं बोलतात आणि डोकी फुटतात. त्यातलाच प्रकार. आमच्या भागात हा फरक शंभर-दीडशे मीटरचा पडतो. एकाच मशीननं दोन्ही टोकं मोजली तर काही बिघडत नाही. साहेबांनी एक टोक जुन्याचं घेतलं आणि एक रंगीतचं.

“म्हणजे माझी मशीनं पास?” फारूकभाईंचा चेहरा उजळला.

“तुमची पास. चला, आता खरं अंतर बघू.”

साध्या मशीननं मी वाफ्यांच्या कडेचा आकडा घेतला, नाला ओलांडून चालत सुमनताईंच्या बांधापर्यंत गेलो, तिथं दुसरा घेतला. रंगीतनं पुन्हा तेच केलं. अंतर पाचशेच्या चांगलं वर होतं. प्लॉट आधीपासूनच पास होता. दत्तरावांचे डोंगळे उभे राहिले असते तरी पास होता.

हे त्यांना सांगायला मी परत नाला ओलांडला. खोटं सांगायची सोय नव्हती, आणि खरं सांगायची लाज वाटत होती.

“म्हंजे कापायची गरजच नव्हती?” दत्तरावांनी विचारलं.

“नव्हती.”

त्यांनी एक खुंट उपटून हातात घेतला. मला वाटलं, आता विळा उगारतात.

“आता काय चिटकवू का गोंडे?” ते म्हणाले. मग बैलाच्या पाठीवर थाप मारली. “यानं खाल्ले तिकडं. साहेब, एक करा. सुमनला हे सांगू नका.”

“का?”

“ती आली, मी कापलं. तेवढंच राहू द्या. गरज नव्हती म्हनलं की तिचं येनं पन वाया गेलं असं व्हतं.”

मी आयुष्यभर आकडे तपासण्याची नोकरी केली. कुणी काय लपवलं ते शोधायचं, हे माझं काम. त्या दिवशी मला कुणीतरी एक गोष्ट लपवायला सांगत होतं आणि मी मान डोलावली.

सुमनताई बांधावरच वाट बघत होत्या. मी म्हणालो, “ताई, प्लॉट पास. आणि भाऊजींनी सकाळीच सगळे गोंडे कापले.”

दोन्ही वाक्यं खरी होती. मी ती फक्त शेजारी शेजारी ठेवली.

“कापले?” त्या म्हणाल्या. “आत्याबाईंचं बी होतं ते!” आणि पदर तोंडाला लावून रडल्या. प्लॉटची बातमी त्यांच्या कानात शिरलीच नसावी. मग एकदम उठल्या, माझ्या हातातला बाभळीखालचा डबा घेतला आणि घरात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा डब्यात काळं बी होतं. वाटणीच्या वेळी भांडी-कुंडी वाटली तशी सासूच्या कांद्याचं बीसुद्धा वाटलं गेलं होतं. त्यांनी आपल्या वाट्याचं वर्षागणिक जपलं होतं. औंदा कंपनीच्या करारामुळं डोंगळे लावले नव्हते, म्हणून हे मागच्या साली धरलेलं.

तो डबा घेऊन त्या दिराच्या घरी निघाल्या, तेव्हा मी चिमूटभर बी मागून घेतलं. कांद्याचं बी लवकर मरतं, आणि मला शंका होती. जालन्याला लॅबमध्ये ओल्या कागदात टाकून बघितलं. निम्म्याच्या वर उगवलं. तसा निरोप मी दोन्ही घरांना धाडला.

साहेबांना मात्र सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे रंगीत मशीन चुकलं नव्हतं.”

“बिलकुल नाही.”

“मग तेच घेऊ.”

“साहेब, त्याचा पडदा उन्हात दिसत नाही. आणि सेल हे जावईबापूंपेक्षा जास्त खातं. आपल्याला काम रानात आहे.”

साहेबांनी एकदा त्या जालन्याच्या ठिपक्याकडं पाहिलं, सुस्कारा सोडला, आणि साध्या मशीनच्या खरेदीच्या कागदावर सही केली. मी पहिलं काम केलं ते म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या मशीनांचं डेटम एक केलं आणि जुने प्लॉट पुन्हा मोजून घेतले.

पुढं दत्तरावांनी त्या बियाचे कांदे केले आणि कांद्यांचे डोंगळे लावले. या वेळी नाल्याकाठी नाही, पार गावाच्या दुसऱ्या अंगाला. कुणी सांगितलं नव्हतं. लावायच्या आधी मला बोलावून घेतलं, आणि मी पोचलो तर सुमनताई आधीच तिथं उभ्या होत्या, दिराला कुठं सरी पाडायची ते सांगत.

“तुमच्या मशीनला विचारा साहेब,” दत्तराव म्हणाले, “इथं लावलं तर आमच्या सुमनच्या प्लॉटाला लागतं का?”

मी मशीन काढलं. अंतर हवं त्याच्या दुप्पट भरलं. शिकायचं ते एवढंच : दोन जागांमधलं अंतर काढायचं असेल तर दोन्ही ठिकाणी एकच मशीन न्यावं, आणि नाला ओलांडायचा कंटाळा करू नये.