दोनच्या जागी र

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. धडगावकडच्या एका बाईचा शाळेचा दाखला माझ्यामुळे अडला, आणि ते मला माहीत होतं.

मी आश्रमशाळेत कारकून आहे. वाळवी लागलेली जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे आलं. कीबोर्डवरचं दोनचं बटण अडकायचं. नवा कीबोर्ड मागवायचा तर अर्ज करा, सह्या घ्या, वाट बघा. मी सरळ र दाबू लागलो. पडद्यावर र काय नि २ काय, सारखेच दिसायचे.

पुढे नवा कीबोर्ड आला, रजिस्टरं वाळवीने संपवली, आणि मग ही बाई आली. हातात जेवणाचं ताट. शाळेत गुरुजींनी लावलेलं नाव तिला आठवत नव्हतं, घरचं वेगळंच. पण ताटावर खिळ्याने कोरलेला रजिस्टर नंबर होता, ४२२. गावात अंगणवाडी मदतनीसाची जागा निघाली होती, त्यासाठी दाखला हवा होता. कॉम्प्युटरवर नोंद नंबरानेच शोधता यायची. मी नंबर टाकला.

"ताई, तुमची नोंदच नाही."

"भाऊ, याच ताटात जेवले मी. पाच वर्षं."

शिपाई दारातून म्हणाला, "काय भो, तुन्हा कम्प्युटर नही म्हणस, मंग हाई ताट काय परकाशानी जत्रामाईन आनं का तिनी?" प्रकाशा म्हणजे तापीकाठचं जत्रेचं गाव.

तिसऱ्या खेपेलाही मी तिला तेच सांगितलं. ती बाहेर पडल्यावर, शिपायाचं बोलणं डोक्यात राहिलं होतं म्हणून असेल, दोन्ही दोनच्या जागी र टाकून पाहिला. नोंद उघडली. नाव, बापाचं नाव, गाव.

खिडकीतून ती दिसत होती. ताट पिशवीत घालून फाटकाशी जीपची वाट बघत होती. हाक मारली असती तर मुख्याध्यापकांनी विचारलं असतं, असे अजून किती? मी नोंद बंद केली. जीप आली, ती गेली. जागा दुसरीला मिळाली.

परवा मोबाइलवर वाचलं, जावा बेटावरच्या सुंदानी लिपीत काही आकडे अक्षरांसारखे दिसतात, म्हणून आकड्याच्या दोन्ही बाजूंना उभी रेघ मारतात. कॉम्प्युटरमध्ये तर प्रत्येक आकड्याला अक्षरापासून निराळा क्रमांक दिलेला असतो. आपल्या र आणि २ लाही तो आहे. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं, असं म्हणता आलं असतं. पण नोंद उघडल्यावर तीही सोय उरली नाही.

आकड्यांतले सगळे र मी गुपचूप दुरुस्त केले, तिचेही. तिच्या गावाला मात्र गेलो नाही. तिचा दाखला, आणि चूक माझी होती हे तिच्यासमोर उभं राहून सांगणं, एवढं मी तिचं देणं लागतो.